मदत हवी आहे: कोरलने श्रिंप गिळला की नुसती कात?

माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतलं एप्टेशिया (झपाट्याने पसरणारं उपद्रवी समुद्रफूल) संपवायला ते खाणारे दोन पेपरमिंट श्रिंप (छोटी लाल पट्ट्यांची कोळंबी) आणले होते. ते काम चोख झालं, पण मग दोघं रोज रात्री अकान कोरलवर (अनेक तोंडांचं मांसल पोवळं) ठाण मांडू लागले. पेलेट (खाद्याची गोळी) टाकला की थेट त्याच्या तोंडातून ओढून काढतात, शुद्ध दरोडा! कडेचं मांस फाटून पांढरा सांगाडा दिसतोय.

आज सकाळी उलटंच. अकानचं एक तोंड टम्म फुगलेलं, बाहेर दोन लाल मिशा लोंबतायत. श्रिंप एकच दिसतोय. दुसरा कात टाकून दगडामागे लपलाय, की कात टाकल्यावर मऊ असतानाच सापडला? पाण्याची क्षारता (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २६ अंश. चिमट्याने ओढून बघू की पचू देऊ? आणि उरलेल्या दरोडेखोराला वेगळं ठेवू का?