ड्रम सेटच्या मेश हेडवर किकसाठी बीटर कोणता? खाली वीस दिवसांचं बाळ आहे

किकवाला_भांडुप:
भांडुपला चौथ्या मजल्यावर राहतो. सेट अकॉस्टिकच आहे, पण सगळ्या ड्रम्सवर मेश हेड, म्हणजे नेहमीच्या पडद्याऐवजी कमी आवाजाची जाळी, चढवलेत. सिम्बलही भोकांच्या, कमी आवाजाच्या. स्नेअर आणि टॉम (काठीने वाजवायचे ड्रम) आता टीव्हीच्या आवाजात बुडून जातात. अडलंय ते किकवर, म्हणजे पायाच्या पेडलने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर.

पेडलबरोबर आलेला फेल्टचा बीटर (हेडवर आदळणारा दांड्यावरचा गोळा) वापरतोय. दोन महिन्यांत जाळीवर मधोमध करडा डाग पडला. काल मोबाईलचा टॉर्च मारून पाहिलं, तर फेल्टचे केस विणीत अडकलेत आणि तिथले धागे चपटे, चकचकीत झालेत. शिवाय खालच्या काकूंच्या मांडणीवरची ताटं किणकिणतात. त्यांची लेक बाळंतपणाला आलीय. काकू भांडल्या नाहीत, वर येऊन एवढंच म्हणाल्या, "बाळा, जरा हळू जमेल का रे?" ते मनाला फार लागलं. मला कामावरून आल्यावर आठ ते नऊ एवढाच वेळ मिळतो आणि नवरात्रात ऑर्केस्ट्रात बसायचंय. लाकडी घेऊ, प्लास्टिकचा, की लोकरीचा गुबगुबीत?

परळ_पॅराडिडल:
लाकडी नको. मेशवर खट्ट वाजतो, कडेने जाळी कापतोही. प्लास्टिकचा गुळगुळीत असतो, धागे ओढत नाही, पण टकटक येतेच.

गिरगाव_ठेका:
लोकरीचा घे, पण आधी हेडच्या मधोमध, बीटर आदळतो तिथे, किकचा पॅच (जाळी वाचवणारा चिकट तुकडा) चिकटव. मग घासेल तो पॅच, जाळी नाही. जाळी झिजली की शिवता येत नाही, पॅच उपटून दुसरा लावता येतो. आत्ताचा फेल्टही पॅचवर चालेल, फक्त ठोका थोडा टणक येईल.

आणखी एक बघ. बीटर हाताने हेडला टेकव आणि बाजूने वाकून पाहा. तोंड सपाट टेकतंय का? वरची किंवा खालची कडच टेकत असेल, तर कुठलाही बीटर आण, जाळी तिथेच मरणार. मेश बीटर आणि पाय मागे उडवतं, म्हणून आपण नकळत जास्त जोर लावतो. पेडलची स्प्रिंग थोडी सैल कर.

पण ताटांचं दुखणं बीटरचं वाटत नाही. हेड आणि बीटरच्या मध्ये टॉवेलची चौपदरी घडी धर आणि वाजव. तरी ताटं वाजली, तर धक्का पेडलमधून लादीत उतरतोय. मग टेनिस बॉलची फळी कर: खालच्या प्लायला गोल भोकं, त्यात बॉल, वर १८ मिमीचा दुसरा प्लाय. बॉल धोबी तलावला मिळतील. रबर शीट हवी तर नागदेवी स्ट्रीटला कापून देतात. स्टूलही त्याच फळीवर ठेव. टाच आपटते तेव्हा अंगाचा भार स्टुलातून खाली जातो, हे बरेच जण विसरतात.

मुलुंड_लोकल:
नियमाने रात्रीची वेळ १० ते ६. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. तू नऊला थांबतोस, म्हणजे वेळेचा प्रश्न नाही.

किकवाला_भांडुप:
नियमाचं ठीक आहे, पण बाळाची झोप आठलाच लागते.

टॉवेल धरून वाजवलं. ताटं तशीच किणकिणली. गिरगावकर दादा, तुमचं बरोबर निघालं.

किकवाला_भांडुप (तीन आठवड्यांनी):
फळी झाली. वीस बॉल, स्टूल वरच. पॅच लावला, लोकरीचा बीटर बसवला, दांडा थोडा खाली घेतला तेव्हा कुठे तोंड सपाट टेकलं. काल धाकट्या भावाला वर वाजवायला बसवून मी काकूंच्या स्वयंपाकघरात उभा राहिलो. ताटाला बोट लावून पाहिलं, थरथर नाही. काकूंनी स्वतःही हात लावला. भावाने जोरात दोनदा सलग मारलं तेव्हा मोरीच्या भिंतीतून बारीकसा धप आला, म्हणून फळी भिंतीपासून वीतभर सरकवली. बाळ पाळण्यात झोपलेलंच होतं.