दारू आणि मोबाइलवरचा जुगार दोन्ही: मुंबईत समुपदेशन कुठून सुरू करायचं?

लालबागची_ताई
धाकटा भाऊ, वय ३४. रोज संध्याकाळी एक क्वार्टर, सुट्टीला दोन. शिवाय मोबाइलवर पैसे लावून रमी आणि क्रिकेटचा सट्टा. कर्ज चार-पाच ॲपचं आहे, नेमका आकडा घरात कुणालाच माहीत नाही. तो म्हणतो, मला काही झालेलं नाही. आई म्हणते, उद्यापासून बाटली बंद, घरात कोंडून ठेवू. भावजयीला कुणीतरी जेवणात मिसळायची पावडर सुचवली आहे. जवळपास कमी खर्चात समुपदेशन कुठे मिळेल? आधी दारू की आधी जुगार? आणि तो आलाच नाही तर?

ओपीडी_परळ
ताई, कोंडून ठेवायचं मनातून काढा. क्वार्टर म्हणजे १८० मिली; ४२.८ टक्क्यांच्या दारूत त्यातून साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. रोज इतकी घेणाऱ्याची अचानक तोडली की काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. आकडी येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो, आणि हे जिवावर बेतू शकतं. सगळ्यांना होत नाही, पण कुणाला होईल हे घरी बसून कळत नाही. आकडी आली किंवा बरळायला लागला तर थेट कॅज्युअल्टी गाठा.

तुम्हाला केईएम सगळ्यात जवळ. सायन आणि नायरलाही मनोविकार विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन मनोविकार ओपीडीचा केसपेपर काढा. शेवटचा घोट कधी घेतला, रोजचं खरं प्रमाण किती, आधी सोडताना आकडी आली होती का, सध्या कुठली औषधं चालू आहेत, हे कागदावर लिहून न्या. घरचे लाजेपोटी प्रमाण कमी सांगतात आणि मग औषधाचा डोस कमी पडतो. थरथर थांबवणारी औषधं आणि थायमिन म्हणजे बी-१ डॉक्टर ठरवतील; मेडिकलवाल्याकडून झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका.

आणि ती पावडर अजिबात नको. अशा पुड्यांत बऱ्याचदा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, धडधड वाढते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा त्रास असलेला माणूस दगावू शकतो. ते बंद केल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात.

हिशेब_आधी
दारू आधी की जुगार आधी, असं नसतं. पहिल्याच भेटीत दोन्ही सांगा. दोन पेग पोटात गेल्यावर डाव मोठे लागतात आणि हरल्यावर पुन्हा बाटली, त्यामुळे एक लपवलं तर दुसऱ्याचे उपचार टिकत नाहीत.

कर्जाबाबत माझं मत ठाम आहे: दागिने मोडून एकरकमी फेडू नका. जुनं फिटलं की तेच ॲप नवं, वाढीव कर्ज देऊ करतं. आधी पैशाची वाट बंद करा. यूपीआयची रोजची मर्यादा कमी करा, ऑटोपे रद्द करा, पगार आल्याबरोबर घरखर्च भावजयीच्या खात्यात वळवा, आणि हे सगळं त्याला सांगून करा. मग त्याचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे नावावरच्या कर्जांची नोंद काढा, प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. बेकायदा ॲपचं कर्ज त्यात दिसत नाही, म्हणून सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंटही ओळीने तपासा. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. फोटो बिघडवून धमकावलं तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करा.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात शिक्षा असे खेळ चालवणाऱ्यांना आणि जाहिरातदारांना आहे, खेळणाऱ्याला नाही, तेव्हा त्या भीतीने डॉक्टरांपासून लपवू नका. मात्र बंदी आली म्हणून सवय सुटली असं धरून चालू नका. सट्टा टेलिग्रामवरून चालूच राहतो.

हरलेल्या रात्री "मी गेलो तर सगळे सुटाल" असं काही बोलला तर ते धमकी समजून सोडून देऊ नका. १४४१६ या टेली-मानस म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर चोवीस तास, मराठीत, मोफत बोलता येतं. त्या रात्री त्याला एकटं ठेवू नका.

वांद्रे_पूर्व
तो आला नाही तरी तुम्ही जा. घरच्यांचं समुपदेशन त्याच्याशिवाय सुरू होतं. अल-अनॉनच्या सभा दारुड्याच्या कुटुंबीयांसाठीच असतात, फी नाही. एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या खुल्या सभेलाही घरच्यांना बसता येतं. वांद्र्याला माउंट कार्मेल चर्चमध्ये कृपा फाउंडेशनचं व्यसनमुक्तीचं काम १९८१ पासून चालू आहे, तिथेही विचारा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

त्याच्याशी बोलायचं ते सकाळी, शुद्धीत असताना, आणि एकाच माणसाने. "दारू सोड" म्हणण्यापेक्षा "गुरुवारी केसपेपर काढलाय, एकदा येशील का" हे जास्त वेळा मान्य होतं. तो साहेबांना खोटं कारण कळवायला सांगेल, ते करू नका. उपाशी मात्र ठेवू नका.

"गाडी पाठवून उचलून नेतो" म्हणणाऱ्या केंद्रांपासून लांब राहा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार केंद्राची नोंदणी लागते, आणि संमतीशिवाय दाखल करायचं तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, तेही सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी. नोंदणीपत्र मागा, डॉक्टर रोज येतात का ते विचारा, भेटीला मनाई असेल तर दुसरीकडे बघा.

लालबागची_ताई
आईला वाचून दाखवलं, कोंडायचं रद्द. केईएमला गेल्याचं त्याच्या ऑफिसला कळेल का?

ओपीडी_परळ
रुग्णालय परस्पर कळवत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे. रजेच्या दाखल्यावर निदान न लिहिता फक्त उपचार चालू असल्याचं लिहा, अशी विनंती डॉक्टरांना पहिल्याच भेटीत करा.