एक्स्टेन्शन कॅबिनेट जोडल्यावर बासचा आवाज भरण्याऐवजी पातळ होतो

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)

सर्वांना नमस्कार. आमचा पाच जणांचा वाद्यवृंद असून जुनी मराठी-हिंदी गाणी आम्ही गंगापूर रोडच्या लॉन्सवर आणि क्वचित महाकवी कालिदास कलामंदिरात सादर करतो. मी बास गिटार वाजवतो. गेली चार वर्षे माझ्याकडे १५ इंची स्पीकरचा ट्रान्झिस्टर कॉम्बो (स्पीकरसह एकाच पेटीतला) अ‍ॅम्प आहे. त्याच्या मागच्या पट्टीवर ८ ओहमला (ओहम म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) १८० वॅट, ४ ओहमला ३०० वॅट आणि किमान भार ४ ओहम असे छापलेले आहे. आतला स्पीकर ८ ओहमचा असून बाहेरचे कॅबिनेट (स्पीकरची वेगळी पेटी) जोडण्यासाठी वेगळा जॅक दिलेला आहे.

उघड्यावर आवाज पुरत नाही, म्हणून गेल्या महिन्यात मी एका वादकाकडून १० इंची दोन स्पीकरचे जुने कॅबिनेट विकत घेतले. तेही ८ ओहमचेच आहे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाजवले, तेव्हा आवाज मोठा होण्याऐवजी त्यातला खालचा भागच नाहीसा झाला. तारेवर बोट पडल्याची टकटक स्पष्ट ऐकू येते, पण ई तारेवरचे खालचे स्वर जणू वाजतच नाहीत. बेसचे बटण शेवटपर्यंत फिरवले, तर क्लिपचा (आवाज फाटू लागल्याचा) लाल दिवा लागतो आणि १५ इंची स्पीकर फडफडतो. नवे कॅबिनेट एकटे लावले की आवाज बरा येतो, कॉम्बोही एकटा चांगला वाजतो; बिघडते ते फक्त दोन्ही एकत्र लावल्यावर. आमची तालीम १० बाय १२ फुटांच्या खोलीत होते. यात दोष अ‍ॅम्पचा, कॅबिनेटचा की माझ्या जुळवणीचा, हे कृपया सांगावे.

उत्तर (नाशिकरोड)

आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की कारण जवळजवळ त्यांतच आले आहे. दोन्ही एकेकटे ठीक वाजतात आणि एकत्र आले की फक्त खालचा आवाज जातो, याचा अर्थ बहुधा एका कॅबिनेटची पोलॅरिटी (अधिक-उणे जोडणी) उलटी आहे. एकाचा कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) पुढे येतो त्याच क्षणी दुसऱ्याचा मागे जातो. एक हवा ढकलतो, दुसरा ती ओढून घेतो.

खालचेच स्वर का जातात, हेही समजून घ्यावे, कारण पुढच्या मांडणीतही त्याचा उपयोग होईल. मोकळ्या ई तारेचा स्वर सुमारे ४१ हर्ट्‌झचा असतो आणि हवेत त्याची एक लाट जवळजवळ २७ फूट लांब असते. दोन स्पीकरांमधले दोन-तीन फुटांचे अंतर एवढ्या लांब लाटेच्या दृष्टीने नगण्य असल्यामुळे उलट्या दिशेच्या दोन लाटा एकमेकींना जवळपास पुसून टाकतात. टकटकीचा आवाज १,००० ते ३,००० हर्ट्‌झच्या आसपासचा असतो. त्याची लाट फूटभर किंवा त्याहूनही आखूड असल्याने ती कुठे पुसली जाते, तर कुठे उलट वाढते, आणि म्हणून कानाला ऐकू येत राहते.

तपासणी घरच्या घरी होते. अ‍ॅम्प बंद करून कॅबिनेटची वायर त्यातून काढून घ्यावी, दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल घ्यावा आणि त्याचे अधिक टोक जॅकच्या टोकाला व उणे टोक जॅकच्या दांड्याला क्षणभरच टेकवावे. जाळी काढून कोनाकडे पाहिले, तर तो किंचित पुढे किंवा मागे हललेला दिसतो; कोनावर अलगद बोट ठेवले तरी कळते. दोन्ही १० इंची स्पीकर स्वतंत्रपणे पाहावेत, कारण दुरुस्तीनंतर त्यांतला एकच उलटा जोडला गेल्याचेही मी पाहिले आहे. कॉम्बोच्या आतल्या स्पीकरची वायर जॅकची असेल तर तीच कृती तिथेही करावी. ती थेट सर्किटला डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेली असेल तर ती स्वतः उकलू नये, फक्त एक्स्टेन्शनच्या तारा उलट करून कानाने फरक पाहावा. स्पीकरवरच्या लाल खुणेवर आंधळा भरवसा ठेवू नये, कारण जेबीएलच्या जुन्या स्पीकरमध्ये खुणेचा अर्थ उलटा असे. सगळे कोन एकाच दिशेने हलायला हवेत, एवढेच महत्त्वाचे.

ओहमचे गणित आपले बरोबर आहे: ८ आणि ८ समांतर जोडले की ४ ओहम होतात आणि अ‍ॅम्पला ते चालतात. मात्र पुढे कधी ४ ओहमचे कॅबिनेट घेतले, तर एकूण भार २.६७ ओहमवर येईल. तसे मुळीच करू नये. आऊटपुटचे ट्रान्झिस्टर तापून जातील.

आणखी एक गोष्ट विचारतो: कॅबिनेटला कोणती वायर लावली आहे? गिटारची वायर आणि स्पीकरची वायर यांचा जॅक सारखाच दिसतो, पण गिटारच्या वायरमधली आतली तार बारीक असून तिच्याभोवती जाळीचे कवच असते. ३०० वॅटच्या अ‍ॅम्पला ती लावली, तर वायर गरम होते आणि कधी आतल्या आत शॉर्टही होते. दोन जाड तारांची स्पीकर वायरच वापरावी.

उत्तर (सिडको)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु १५ इंची आणि १० इंची यांची जोडी मुळातच मला फारशी पटत नाही. दोन्ही बाजू ८ ओहमच्या असल्याने शक्ती निम्मी-निम्मी वाटली जाते. एकटा १५ इंची स्पीकर १५० वॅट घेतो आणि १० इंची दोघे प्रत्येकी ७५ वॅटच घेतात. म्हणून दमछाक आधी १५ इंचीचीच होते, आणि आपल्याकडे फडफडतो आहे तोही तोच. शक्य झाल्यास पुढेमागे तशाच १० इंचींचे दुसरे कॅबिनेट आणि वेगळे हेड (स्पीकर नसलेला अ‍ॅम्प) घ्यावे. सारखी दोन कॅबिनेट जवळ जवळ लावली की खालच्या पट्टीत आवाज ६ डेसिबलपर्यंत वाढू शकतो: सुमारे ३ डेसिबल अ‍ॅम्पने दिलेल्या जादा वॅटमुळे आणि ३ डेसिबल कोनांचे क्षेत्रफळ दुप्पट झाल्यामुळे.

उत्तर (गंगापूर रोड)

जोडी बदलण्याची घाई करू नये, असे मला वाटते. मी अशाच मिश्र जोडीवर अनेक वर्षे वाजवले आहे आणि माझ्या अनुभवात टोन बिघडतो तो बहुतेक वेळा मांडणीने आणि बटणांनी.

कॅबिनेट शेजारी शेजारी न ठेवता एकावर एक ठेवावीत, खाली कॉम्बो आणि वर १० इंची. आपण स्वतः अ‍ॅम्पपासून तीन फुटांवर उभे राहतो आणि स्पीकर गुडघ्याशी वाजत असतो, त्यामुळे आपल्याला मधले स्वर ऐकू येत नाहीत आणि आपण ट्रेबल वाढवत राहतो. समोर बसलेल्या माणसाच्या कानात मात्र तो खरखरत जातो. वरचे स्पीकर छातीच्या उंचीला आले की स्वतःचा खरा आवाज स्वतःला कळतो.

बेसचे बटण शेवटपर्यंत फिरवणे ही मुख्य चूक आहे. १० डेसिबल वाढवले की अ‍ॅम्पकडे त्या पट्टीत दहापट शक्ती मागितली जाते, ती ३०० वॅटमध्ये येणार कुठून? शिवाय ४१ हर्ट्‌झ हा मूळ स्वर बहुतेक लहान कॅबिनेटमधून फारसा निघतच नाही. ८२ आणि १२३ हर्ट्‌झच्या उपस्वरांवरून कान तो स्वर ओळखतो. सगळी बटणे मध्यावर आणून सुरुवात करावी. सर्वांत जोरात तार छेडल्यावर क्लिपचा दिवा जेमतेम लुकलुकेल इतका गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) ठेवावा. मग ४०० ते ८०० हर्ट्‌झचा मधला पट्टा थोडा वाढवावा. घरी एकट्याने वाजवताना तो नाकातला वाटतो, पण डग्गा, ऑक्टोपॅडचा किक आणि की-बोर्डचा डावा हात एकाच वेळी खालची जागा अडवून बसलेले असताना बासची ओळ त्या मधल्या पट्ट्यातूनच ऐकू येते. अ‍ॅम्पमध्ये हाय-पास (ठरावीक पट्टीखालचे स्वर गाळणारा फिल्टर) असेल तर तो ३५ ते ४० हर्ट्‌झच्या आसपास ठेवावा. पोर्ट (हवेसाठी ठेवलेले भोक) असलेल्या कॅबिनेटमध्ये, पोर्ट ज्या स्वराला जुळवलेला असतो त्याखाली, कोनावर हवेचा धरबंद राहत नाही, म्हणून तो नुसताच फडफडतो.

लॉनवर भिंती नसतात, त्यामुळे तिथे खालचा आवाज परतून येत नाही. त्यात मंडपवाल्याचा पोकळ लाकडी मंच स्वतःच घुमतो. मी अ‍ॅम्पखाली दोन इंच जाडीचा कडक फोम टाकतो आणि त्याचा फरक मंचावरच्या प्रत्येकाला जाणवतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (इंदिरानगर)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सेल लावून पाहिला. १० इंची दोन्ही कोन आत गेले, कॉम्बोचा पुढे आला. कॅबिनेटची मागची पट्टी उघडल्यावर दिसले की जॅकपाशी कुणीतरी नव्याने डाग दिलेला असून लाल-काळ्या तारांची अदलाबदल झालेली आहे. तारा सरळ केल्या आणि ई तार छेडली, तेव्हा खिडकीची काच थरथरली. वायरही गिटारचीच निघाली. ती बदलली आहे.

आता खोलीत वेगळीच अडचण आहे. मोकळी ए तार इतर स्वरांच्या कितीतरी पुढे घुमते, हे कॅबिनेटमुळे होते का?

उत्तर (नाशिकरोड)

नाही, ते खोलीमुळे होते. १० फुटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्‌झला अनुनाद होतो आणि मोकळी ए तार ५५ हर्ट्‌झची आहे. १२ फुटांच्या बाजूचा अनुनाद ४७ च्या आसपास येतो, म्हणून ई तारेचा दुसरा आणि तिसरा फ्रेटही थोडा फुगल्यासारखा वाटेल. कॅबिनेट कोपऱ्यात असेल तर आधी बाहेर काढावे, कारण कोपऱ्यात हे सगळेच अनुनाद जोराने उठतात. फूट-फूट सरकवत जिथे ए आणि डी सारखे ऐकू येतील तिथे खडूने खूण करून ठेवावी. ईक्यूवर (टोनच्या बटणांवर) ए तारेचा इलाज करू नये. तीच बटणे घेऊन लॉनवर गेलात तर तिथे ए तार दबलेली निघेल.

कलामंदिरात वाजवताना साउंडवाल्यांना अ‍ॅम्पच्या डीआयमधून (साउंड बोर्डला थेट जोडण्याच्या जॅकमधून) लाइन द्यावी आणि ती ईक्यूच्या आधीची ठेवावी, म्हणजे मंचावर आपण बटणे फिरवली तरी प्रेक्षागृहातला आवाज बदलत नाही. घूं असा आवाज आला तर डीआयचे ग्राउंड लिफ्ट (त्या लाइनचे ग्राउंड तोडणारे बटण) दाबावे. अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कुणी सांगितले तरी काढू नये.