'लिव्ज' की 'लिव्ड'?

इंग्रजीत दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडून सांगताना (इनडायरेक्ट स्पीच) 'शी सेड दॅट शी लिव्ज इन नाशिक' हे चूकच, 'सेड' भूतकाळी म्हणून तिथे 'लिव्ड'च हवं, असं एकांनी ठामपणे लिहिलंय. पटलं नाही. ती अजून नाशकातच राहत असेल तर 'लिव्ज' बिनदिक्कत चालतं. उलट 'लिव्ड' म्हटल्याने तिने नाशिक सोडलं असंही होत नाही. तो भूतकाळ 'सेड'च्या ओढीने आलेला असतो, इतकंच.

आपण अडखळतो ते इथेच, कारण मराठीत ही ओढच नाही. 'ती म्हणाली की मी दमलेय.' काळ सोडा, तिचा 'मी'सुद्धा आपण जसाच्या तसा ठेवतो!

मी एवढंच बघतो: त्या म्हणण्याची हमी मला घ्यायची आहे का? असेल तर वर्तमानकाळ चालतो, नसेल तर भूतकाळच बरा. 'ही टोल्ड मी ही वॉज फिफ्टी, बट ही इज सिक्स्टी.' इथे 'इज फिफ्टी' कानाला खटकतं, कारण ती थाप आहे.

'विल'चं 'वुड', 'कॅन'चं 'कुड' हा शाळेतला तक्ता ठीक आहे. पण साध्या भूतकाळाचा दरवेळी 'हॅड' करायची गरज नसते. 'ही सेड ही वॉज बॉर्न इन १९५०' यात 'हॅड बीन बॉर्न' कोण म्हणतं? 'शुड' आणि 'माइट' तर बदलतच नाहीत. आणि सुरुवातीला 'सेड'ऐवजी वर्तमानकाळी 'सेज' असेल तर काळाला हातच लावायचा नाही.

परीक्षेच्या पेपरात मात्र मुकाट्याने तक्ता पाळा, तिथे वाद घालून मार्क मिळत नाहीत.