प्रतिसाद: आकडी नेहमी हातपाय झाडूनच येते असं नाही
'हातपाय झाडले, तोंडाला फेस आला तरच आकडी' असं वर लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. माझी भाची 7 वर्षांची असताना बोलता बोलता थांबायची. 10-15 सेकंद नजर एका जागी, पापण्या फडफडायच्या, मग जणू काही झालंच नाही. 'लक्ष नसतं' म्हणून शाळेत वर्षभर बोलणी खाल्ली पोरीनं, अजून वाईट वाटतं. तंद्री लागलेलं मूल खांद्याला हात लावला की भानावर येतं. ती येत नसे.

शेवटी ताईनं मोबाइलवर व्हिडिओ काढला. न्यूरॉलॉजिस्टनी (मेंदूच्या डॉक्टरांनी) तो पाहून भाचीला 3 मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला आणि त्यांच्यासमोरच झटका आला. नंतर ईईजीतही, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीतही, दिसलं. पण ईईजी नॉर्मल आला म्हणून आकडी नाहीच असं ठरत नाही, तेवढ्या वेळात मेंदू शांत असू शकतो. म्हणून व्हिडिओ काढाच.