कंपनीतलं शेवटचं वर्ष

सीएच्या आर्टिकलशिपचं, म्हणजे सीएकडे करायच्या सक्तीच्या प्रशिक्षणाचं, शेवटचं वर्ष सीए फर्ममध्येच काढावं की कंपनीत इंडस्ट्रियल ट्रेनिंग घ्यावं, असा प्रश्न इथे विचारलाय. त्यावर बहुतेकांनी 'कंपनीत अभ्यास बुडतो, नको' असं लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. मी ते वर्ष चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात केलं.

फर्ममध्ये ऑडिट करताना आपण आधीच झालेल्या नोंदी तपासतो. कंपनीत त्या घडताना दिसतात. महिनाअखेरीला माल स्टोअरमध्ये उतरलेला असतो, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झालेला असतो, पण बिलाचा पत्ता नसतो. देणं तर त्याच महिन्यात दिसायला हवं, मग तरतूद करा. पुढच्या महिन्यात 7 तारखेपर्यंत कापलेला टीडीएस भरायचा, 14 ला जीएसटीआर-2बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या जीएसटीचा तक्ता) आलं की खरेदीशी जुळवणी, 20 च्या आत 3बी हे जीएसटीचं मासिक विवरणपत्र.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यायचे, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, हे 1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 43बी(एच) वाचताना पाठ केलं होतं. पण भोसरीचा एक वर्कशॉपवाला माझ्या टेबलाशी उभा राहून म्हणाला, "मॅडम, पोरांचे पगार करायचेत, माझं बिल कुठं अडकलंय ते बघा ना." त्या दिवशी ते कलम खरं कळलं. बिल क्वालिटी विभागाच्या सहीसाठी पडून होतं.

अभ्यासाला वेळ कमी मिळतो, हे खरंच आहे. ट्रेनिंग 9 ते 12 महिन्यांचं असतं, तेव्हा परीक्षेची तारीख धरून आखणी करा आणि प्रिन्सिपलना, म्हणजे ज्यांच्याकडे आर्टिकलशिप करताय त्या सीएंना, आधीच सांगा. मुलाखतीत एक मात्र स्पष्ट विचारा: वर्षभर फक्त बिलंच चढवायला बसवणार, की कॉस्टिंग, टॅक्सेशनही दाखवणार?