बालसाहित्यिकांना गावात बोलवायचंय, भाषण ठेवावं की कार्यशाळा?

खानापूरचे_मास्तर
नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या गावी छोटं वाचनालय आहे. दिवाळीनंतर पुण्याच्या एका बालसाहित्यिक बाईंना बोलवायचं चाललंय, त्या मुलांना गोष्टी सांगतात आणि लिहिणाऱ्यांच्या कार्यशाळाही घेतात. कमिटीत दोन मतं पडलीत. काहीजण म्हणतात कडोली, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनासारखं स्टेज घालू, दीपप्रज्वलन, सत्कार आणि तासभर भाषण, म्हणजे सगळं गाव येतंय. मला मात्र वाटतं की आपल्या मराठी शाळांतून लिहिणारे मास्तर आणि बाई भरपूर आहेत, वह्याच्या वह्या पडून आहेत, त्यांना कुणीतरी नीट हात धरून शिकवायला पाहिजे, कारण वर्गातल्या पोरांना आपल्याकडचं जंगल, ऊसतोड, जत्रा असलेली गोष्ट वाचायला मिळतच नाही आणि ते मला रोज डाचतंय. एका दिवसात दोन्ही जमेल काय? किती लोक घ्यायचे? मानधनाचं कसं विचारायचं?

निपाणीची_वाचक
सर, दोन्ही करा पण वेगवेगळं करा. सकाळी मुलांसोबत गप्पा, दुपारी लिहिणाऱ्यांची बैठक. सत्कार दहा मिनिटांत उरका. आमच्याकडं एकदा हारतुरे आणि मान्यवरांच्या मनोगतातच दुपार झाली, पोरं कंटाळून बाहेर खेळायला गेली, पाहुण्यांना बोलायला उरली वीस मिनिटं. फार वाईट वाटलं बघा. मानधन पहिल्याच फोनवर स्पष्ट विचारा. प्रवास आणि राहणं वेगळं धरा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही, लिहिणाऱ्याचं ते कामच आहे.

गोष्टीवाली_ताई
मी मुलांसाठी लिहिते, अशा कार्यशाळा घेते, म्हणून जरा लांबलचक लिहिते. मास्तर, पंधरा-वीसच्या वर लोक घेऊ नका. प्रत्येकाला आपलं लिखाण वाचून दाखवायला मिळालं नाही तर ती कार्यशाळा नव्हे, भाषणच झालं. लिखाण आधी आठवडाभर तरी पाहुण्यांकडं पोचवा, एकेक गोष्टच, पूर्ण वही नको.
आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुपारच्या बैठकीत तिसरी-चौथीची पाच-सहा मुलं बसवा. एका शिक्षकांनी हरवलेल्या रेडकाची गोष्ट आणली होती, सुरुवातीला पानभर रम्य सकाळ, दवबिंदू, सूर्यनारायण. ते वाचत असताना पुढं बसलेल्या मुलीनं मध्येच विचारलं, "पण रेडकू कुठं गेलं?" सरांनी तिथल्या तिथं ते पान खोडलं आणि गोष्ट "सकाळी गोठ्यात रेडकू नव्हतं" इथून सुरू केली. मी तासभर बोलून जे पटवू शकले नसते ते त्या पोरीच्या एका प्रश्नानं झालं. मोठी माणसं एकमेकांना छान छान म्हणत बसतात हो, मुलं तसं करत नाहीत.
गोष्टीच्या लांबीचा अंदाज यावा म्हणून प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी मोफत आहेत त्या सगळ्यांना आधी वाचायला सांगा. तिथं वाचनाच्या पातळ्या केल्यात, पहिल्या पातळीची गोष्ट साधारण अडीचशे शब्दांच्या आत असते. एवढ्यात गोष्ट बसवायची म्हटल्यावर उपदेश आपोआप गळतो. पाठवायचं कुठं तर बालभारतीचं 'किशोर' मासिक आहेच, 1971 पासून चालू आहे. आधी त्याचे अंक चाळायला लावा.

शहापूरचा_छापखानेवाला
लेखक नव्हे मी, पण चित्रांची पुस्तकं छापलीत. कार्यशाळेत प्रत्येकाला आठ कोरे कागद द्या, एकत्र मधोमध दुमडून शिवा, 32 पानांची डमी, म्हणजे पुस्तकाचा कोरा नमुना, तयार. त्यावर गोष्ट पानापानांनी मांडायला सांगा. कुठलं वाक्य पान उलटायच्या आधी यायला पाहिजे आणि कुठं नुसतं चित्र पुरतं हे हातात धरल्याशिवाय कळत नाही. माझ्याकडं येतात तेव्हा बहुतेकांची गोष्ट सलग टाइप केलेली असते आणि चित्रकाराला जागाच ठेवलेली नसते. शिवून छापताना पानं चारच्या पटीत लागतात हेही आधीच सांगून ठेवा, नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात.

खानापूरचे_मास्तर
सगळ्यांचे मनापासून आभार, कमिटीला हे दाखवतो. मुलं बसवायचं डोक्यातच आलं नव्हतं. ताई, अजून एक, आमच्याकडच्या मुलांची घरची बोली वेगळी, 'करूलालो, जाऊलालो' असं बोलतात. गोष्टीत पात्रांना तसं बोलू द्यावं काय? काही शिक्षक म्हणतात परीक्षेत मग तसंच लिहितील.

गोष्टीवाली_ताई
बोलू दे की! संवाद बोलीत, बाकीचं साध्या मराठीत ठेवा. परीक्षेची भीती नको, गोष्टीत आजी कशी बोलते आणि पेपरात कसं लिहायचं हे मुलांना बरोबर कळतं. फक्त पहिली-दुसरीसाठी असेल तर जोडाक्षरं कमी ठेवा, तिथं पोरं खरी अडकतात. आणि कुणाचंही कच्चं लिखाण त्यांना न विचारता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं नाही, हे सकाळीच सगळ्यांना सांगा.